न्याहारी करणारी किती वाजता उठते?

आमच्या वस्तीतल्या महिला गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी असते. गेल्या वर्षी आरोग्याचा विषय घ्यायचं ठरलं, तेव्हा मी रात्री जागून एक तक्ता करून नेला. नाव दिलं होतं ‘देशोदेशींची न्याहारी’. जपानचा भात, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो नावाचं सार आणि भाजलेला मासा. इजिप्तची रात्रभर शिजवलेली, मोठ्या वालासारख्या दाण्यांची उसळ. मेक्सिकोची मक्याची पोळी. तुर्कस्तानचं चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो. जर्मनीचे पाव आणि अमेरिकेचे दुधातले कॉर्नफ्लेक्स. जुन्या मासिकांतली चित्रं कापून चिकटवली होती. सांगायचं एवढंच होतं, की सकाळी पोटाला आधार देणारं काहीतरी खाण्याची रीत जगभर आहे, ती आपणही पाळावी.

कारणही तसंच होतं. आदल्याच आठवड्यात रक्ततपासणीचं शिबिर झालं. बोटातून थेंबभर रक्त देऊन उठताना दोघी जणी चक्कर येऊन खाली बसल्या. “सकाळी काय खाल्लंत?” असं मी प्रत्येकीला विचारत होते आणि वहीत लिहीत होते. चहा. चहा. चहा-बटर. चहा. रात्रीची अर्धी भाकरी आणि चहा. देशभराच्या पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं निघालं होतं. तो आकडा मी बैठकांतून अनेकदा सांगितलेला. त्या दिवशी तो माझ्यासमोर रांगेत उभा होता.

तर मी तक्ता लावला आणि बोलले. सकाळचा नाश्ता राजासारखा करावा, हे वाक्यही टाकलं. सगळं ऐकून घेतल्यावर गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, तक्ता छान झालाय. पण हे सगळं करणारी बाई किती वाजता उठते, तेवढं लिहायचं राहिलं बघा.”

बायका हसल्या. मी काही हसू शकले नाही, कारण उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

मावशींचं उत्तर मला माहीत होतं. वस्तीत नळाला पाणी पहाटे साडेचारला यायचं, ते तासभर. म्हणजे चारला उठून हंडे-कळश्या लावायच्या, पाणी भरायचं, डबे करायचे, साडेसहाला घर सोडायचं. मग समोरच्या सोसायट्यांत चार घरची कामं. त्यातल्या दोन घरी सकाळी त्या पोहे, उपमा, थालीपीठ करून वाढतात. म्हणजे सकाळी साडेनऊपर्यंत मावशींच्या हातून आठ-दहा माणसांची न्याहारी होते आणि मावशींच्या पोटात दोन कप चहा असतो. या बाईला मी चित्रं दाखवून सांगत होते, की नाश्ता चुकवू नका!

राजासारखा नाश्ता करायला हरकत काहीच नाही. पण राजाला तो करायला उठावं लागत नव्हतं, ही गोष्ट आपण सोईस्कर विसरतो. एम.एस.डब्ल्यू. करताना मला पोषणाचं शास्त्र शिकवलं, उष्मांक शिकवले, लोकांशी बोलायच्या पद्धती शिकवल्या. घड्याळ कुणी शिकवलं नाही. आणि मावशींनी विचारेपर्यंत तेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं, हे मी इथे कबूल करते.

त्यानंतर मी माझाच तक्ता मावशींच्या प्रश्नाने पुन्हा वाचायला घेतला. जे हाती लागलं ते मैत्रिणींपुढे ठेवते.

मेक्सिकोचा पाटा आणि आपलं जातं

मेक्सिकोची तोर्तिया दिसते आपल्या मक्याच्या भाकरीसारखी. पण ती सुक्या पिठाची होत नाही. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर भिजत ठेवायचा आणि पहाटे ओलाच वाटायचा. वाटायचा कशावर, तर मेताते नावाच्या तिरक्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. वाटलेला गोळा ठेवला तर आंबतो, म्हणून हे रोजचं काम. एका कुटुंबापुरतं वाटायला बाईचे दिवसाला चार-पाच तास जात. असं हजारो वर्षं चाललं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हा ओला मका दळणाऱ्या गिरण्या निघाल्या. काय व्हायला हवं होतं? सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. झालं उलटंच. पुष्कळ गावांत पुरुषांनी विरोध केला. गिरणीच्या पिठाला चव नाही म्हणाले. बायका आळशी होतील म्हणाले. गिरणीच्या रांगेत उभ्या राहून चकाट्या पिटतील, चालचलणूक बिघडेल, अशीही काळजी त्यांना वाटली. ऑस्कर लुईस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचं तेपोझ्तलान गावावरचं पुस्तक १९५१ साली आलं. त्यात त्यांनी नोंदवलं आहे, की तिथली पहिली गिरणी पुरुषांच्या विरोधामुळे चालली नाही, आणि नंतरची चालली ती बायकांनी हट्टाने तिथे जायला सुरुवात केली म्हणून. पुढे १९३४ ते १९४० या काळात कार्देनास सरकारनं गावोगावच्या स्त्रियांच्या संघांना गिरण्या मिळवून दिल्या. बायकांनी संघटना बांधल्या त्या मतदानाच्या हक्कासाठी, जमिनीसाठी आणि गिरणीसाठी. मेक्सिकोत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क १९५३ साली मिळाला. कित्येक गावांत गिरणी त्याच्या आधी आली.

हे वाचताना मला माझी सातारकडची आजी आठवली. आजी पहाटे तीनला जात्यावर बसायची. गावात इंजिनाची गिरणी आली तेव्हा माझे आजोबा म्हणाले होते, की गिरणीच्या पिठाची भाकरी घशाखाली उतरत नाही. दोन देश, दोन धान्यं, आणि मधे एवढा समुद्र. तरी वाक्य तेच! आजी मात्र पाटी डोक्यावर घेऊन गिरणीत गेली आणि आजोबांच्या घशाखाली भाकरी उतरत राहिली.

जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याला फार प्रेम. ते योग्यच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या, हे मोलाचं काम झालं. आपल्या आज्या-पणज्या काय बोलत होत्या ते त्यामुळे कळलं. पण ओवी जपा म्हणणं वेगळं आणि जातं गोड होतं म्हणणं वेगळं. जातं परत आणून द्या, अशी मागणी एकाही बाईनं केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पाकिटाला शिव्या कोण देतं?

हल्ली एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. पूर्वी घराघरांत ताजी न्याहारी होत असे, आता पाकिटं आणि डबे आले, संस्कृती बुडाली. ही तक्रार करणारे बहुतेक जण टेबलाशी बसून ती करतात.

जपानचं उदाहरण पाहा. जपानी न्याहारीचं जगभर कौतुक असतं, की किती हलकी, किती चौरस. तो भात पूर्वी चुलीवर व्हायचा. चुलीशी बसून आच वाढवायची, कमी करायची, वाफ जिरवायची. म्हणजे इतरांच्या आधी कुणीतरी उठायलाच हवं. १९५५ साली तोशिबा कंपनीनं भात शिजवायचं विजेचं भांडं बाजारात आणलं. ते तयार केलं मिनामी योशितादा नावाच्या एका छोट्या कारखानदारानं. भात नेमका कधी शिजतो, आच कधी बंद करावी, हे महिनोन् महिने रोज भात शिजवून, मोजून पाहिलं ते त्यांच्या पत्नीनं, फुमिको यांनी. भांड्याला वेळ लावायची सोयही होती. रात्री तांदूळ-पाणी घालून ठेवायचं, सकाळी भात तयार. लाखो घरांतल्या बायकांना पहाटेची झोप मिळाली. यंत्राच्या इतिहासात नवऱ्याचं नाव आधी येतं आणि बायकोचं एखाद्या ओळीत.

कॉर्नफ्लेक्सची गोष्टही फारशी वेगळी नाही. अमेरिकेत बॅटल क्रीक गावच्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी १८९४ साली धान्याच्या पापड्या करण्याची युक्ती शोधली, १९०६ साली कंपनी निघाली, हे सगळे सांगतात. त्याच आरोग्यधामात पदार्थांचे प्रयोग करणारं स्वयंपाकघर एला केलॉग चालवत होत्या, हे किती जण सांगतात? १९९४ साली हे डबे भारतात आले. कारखाना तळोज्याला निघाला. आपण त्यावर गरम दूध ओतलं, पापड्यांचा लगदा झाला आणि आपण कंपनीला हसलो. हसायला हरकत नाही. डब्याची किंमत, त्यातली साखर, मुलांना भुलवणाऱ्या जाहिराती यांवर टीका करायची तर मीही बरोबर येईन. पण त्या डब्यात एक गोष्ट होती, ती आपण नीट पाहिली नाही. दहा वर्षांचं पोर ते स्वतः वाडग्यात ओतून घेऊ शकतं. पन्नास वर्षांचा पुरुषही घेऊ शकतो. कुणी आधी उठावं लागत नाही. कंपनीनं ही सोय विकली, कारण आपण घरात ती फुकट द्यायला तयार नव्हतो.

कुणी म्हणेल, सगळं असं हिशेबानं मोजायचं का? आईच्या हातच्या न्याहारीत प्रेम असतं त्याचं काय? असतं ना. माझ्या आईच्या हातच्या सांज्याची चव मला कुठे मिळालेली नाही. पण आई तो सांजा बसून खाताना मी पाहिलेली नाही. ती ओट्याशी उभी राहून, कढईला लागलेला खरवडून खायची आणि “मला खरवडच आवडते” म्हणायची. माझं वय वीस होईपर्यंत मला ते खरं वाटत होतं! प्रेम असेल तर ते दोन्ही बाजूंनी असावं. एक जण रोज उठतो आणि बाकीचे रोज वाट पाहतात, त्याला प्रेम हे नाव देऊन आपण फक्त प्रश्न बंद करतो.

पाववाल्याला कायदा, घरच्या बाईला अपवाद

जर्मनीत घरोघर सकाळी ताजे पाव लागतात. ते घरी करत नाहीत, कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणतात. मग बेकरीतला माणूस किती वाजता उठत होता? हा प्रश्न तिथल्या कामगारांनी लावून धरलेला होता. १९१५ पासून जर्मनीत रात्री पाव भाजायला बंदी होती. ती उठली १९९६ साली. ऐंशी वर्षं एका अख्ख्या देशानं आपली न्याहारी कामगाराच्या झोपेनुसार ठरवली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनंही १९२५ साली याबद्दल एक करार केला. रात्री सलग निदान सात तास बेकरीचं काम बंद, आणि त्या सात तासांत सर्वसाधारणपणे अकरा ते पाच ही वेळ आलीच पाहिजे. बंदी नोकरालाही आणि मालकालाही. करार पुढे मागे पडला, तो भाग वेगळा. पण त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद आहे. घरातल्या माणसांनी घरच्या खाण्यापुरतं केलेलं काम या बंदीत येत नाही.

मी ते कलम तीनदा वाचलं. मावशी तिथे होत्या. माझी आजी, आई, मेक्सिकोच्या पाट्यावर गुडघे टेकलेली बाई, सगळ्या जणी त्या एका अपवादात बसल्या होत्या. चुलीपाशी पोलीस उभा करा असं माझं म्हणणं नाही. कायदा घरात कितपत शिरावा हा वादाचा विषय आहे. पण पहाटे तीनला कणीक मळणं हे बेकरीत माणसाला न सोसणारं काम, आणि घरात त्याला कामही म्हणायचं नाही, हे तर्कशास्त्र कुठलं?

न्याहारी घराबाहेर गेली की बाईचा भार हलका होतो, हे खरं. गोव्यात पोदेर सायकलवर पाव घेऊन दारात येतो. कैरोत हातगाडीवरून उसळ घेऊन लोक कामाला जातात. चीनमध्ये कोपऱ्यावर सोयाबीनचं दूध आणि तळलेल्या पिठाच्या लांबट कांड्या मिळतात. व्हिएतनाममध्ये हाडांचा रस्सा रात्रभर उकळून पहाटे रस्त्याच्या कडेला शेवयांचे वाडगे भरले जातात, आणि ते भरणाऱ्या पुष्कळदा बायकाच असतात. म्हणजे एकीचा भार हलका झाला तो दुसऱ्या, अधिक गरीब बाईच्या डोक्यावर गेला, असंही होतं.

त्यासाठी हनोईला जायची गरज नाही. माझ्या घरी पोळ्या करायला बाई येतात. त्या येतात म्हणून मी साडेआठला मोर्चाला, बैठकीला, कार्यालयात जाऊ शकते. मावशींच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, “सकाळी काय खाऊन येता?” त्या म्हणाल्या, “चहा घेऊन निघते, ताई.” चार वर्षं त्या माझ्या घरी येत होत्या आणि मी वस्तीत जाऊन पोषणावर व्याख्यानं देत होते.

न्याहारीला भिणारे

आता ज्या देशांनी सकाळच्या भुकेचा प्रश्न घराबाहेर, सगळ्यांसमोर आणला, त्यांच्याबद्दल.

पेरू देशाची राजधानी लिमा. १९८४ साली तिथल्या डाव्या आघाडीचे महापौर अल्फोन्सो बारांतेस यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी रोज एक पेला दुधाची योजना सुरू केली. चालवायची कुणी? वस्त्यावस्त्यांतल्या बायकांच्या समित्यांनी. पहाटे मोठ्या पातेल्यात दूध उकळायचं, मुलांना वाटायचं, हिशेब ठेवायचा. हे सरकारच्या मर्जीवर राहू नये म्हणून हजारो बायकांनी संसदेवर मोर्चा नेला आणि १९८५ च्या जानेवारीत त्याचा कायदा करून घेतला. मुलांना सकाळी दूध मिळणं हा हक्क झाला. घरात एकटीनं उकळायचं दूध गल्लीतल्या सगळ्या जणींनी मिळून उकळलं, त्यातून संघटना उभ्या राहिल्या.

लिमाच्या व्हिला एल साल्वादोर या वस्तीत अशाच संघटनेची पुढारी होती मारिया एलेना मोयानो. शायनिंग पाथ या सशस्त्र गटाला या बायका नकोशा होत्या. लोकांनी आपल्याच हुकुमाखाली राहावं अशी त्यांची इच्छा, आणि ज्यांच्या मुलांना आपल्या संघटनेमुळे सकाळी दूध मिळतं त्या हुकूम कशाला ऐकतील? मोयानोनं त्यांना उघड विरोध केला. १५ फेब्रुवारी १९९२ रोजी दूध-समितीच्या एका कार्यक्रमात तिला गोळ्या घालण्यात आल्या आणि तिचा देह स्फोटकांनी उडवून देण्यात आला. ती ३३ वर्षांची होती. आज मी जवळपास त्याच वयाची आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जानेवारी १९६९ मध्ये ब्लॅक पँथर पक्षानं एका चर्चमध्ये काळ्या मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली. वर्षभरात ती अनेक शहरांत पोचली. पँथरांच्या बंदुकांचे फोटो जगभर छापले गेले. न्याहारी रांधणाऱ्या आणि वाढणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, ते फारसं छापलं गेलं नाही. एफबीआयचा प्रमुख हूवर याला मात्र ही न्याहारी बंदुकीहून धोक्याची वाटली आणि ती मोडून काढायच्या सूचना त्यानं दिल्या. सरकारची शाळेतल्या न्याहारीची योजना तिथे १९६६ पासून प्रयोग म्हणून रखडत चालली होती, ती १९७५ साली कायम झाली.

एकीकडे बंदूकधारी क्रांतिकारक, दुसरीकडे सरकारी गुप्तचर. दोघेही न्याहारीला घाबरले. तेव्हा न्याहारी हा बायकांचा किरकोळ विषय, असं कुणी म्हटलं तर त्यांना एवढं सांगा.

यावर चीनचं उदाहरण तोंडावर फेकलं जाईल, ते आपणच काढू. १९५८ साली चीनमध्ये कम्यूनची सार्वजनिक भोजनगृहं निघाली, बायकांची चुलीपासून सुटका म्हणून गाजली आणि पुढच्या भीषण दुष्काळात उपासमारीची जागा झाली. घराघरांतली भांडी काढून घेतली, किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली, आणि कोठार रिकामं झालं तेव्हा बोलायची सोय राहिली नाही. यातून शिकायचं ते हे, की सामायिक पातेलं कुणाच्या ताब्यात आहे याला सगळं महत्त्व आहे. लिमाच्या बायकांचं पातेलं त्यांच्या हातात होतं.

आपल्या देशात तमिळनाडू सरकारनं १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली आणि २०२३ साली ती राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना लागू केली. उपमा, खिचडी, पोंगल, सांबार. रांधायचं काम बचत गटाच्या बायकांकडे. योजना चांगली आहे, महाराष्ट्रातही ती हवी, असं मी म्हणते. पण त्याच दमात मावशींचा प्रश्नही विचारते. आठच्या आत शेकडो मुलांचा उपमा तयार करणारी बाई किती वाजता उठते, आणि तिला काय मिळतं? दुपारच्या शालेय आहाराचा अनुभव आपल्यापुढे आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला केंद्रानं २००९ साली दरमहा १००० रुपये ठरवले, तेही वर्षाचे दहा महिने. त्यानंतर वर्षानुवर्षं केंद्राचा आकडा हलला नाही; वरची भर राज्यांनी आपापल्या ऐपतीनुसार घातली. त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. म्हणजे मान मोठा आणि धन लहान!

मग मागायचं काय?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. यातही जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते धरलेले नाहीत.

तेव्हा पहिली मागणी आपल्याच घराकडे. माझा नवरा सकाळचा चहा करतो, याचं कौतुक आमच्या सोसायटीत मजल्यामजल्यावर होतं. माझ्या पोह्यांचं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. मदत नको, वाटणी हवी. आठवड्यातले निम्मे दिवस उठायची पाळी त्याची, आणि पाळी म्हणजे काल रात्री काय भिजत घालायचं हे आठवणंही त्याचंच.

दुसरी मागणी, घरकामगार बायकांसाठी. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती होती. चार घरी मिळून सात-आठ तास राबणाऱ्या बाईला ती कुठल्या घरानं द्यायची? आपल्या राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण बसून खायला वीस मिनिटं आणि ताटात ताजं अन्न द्यायला आपल्याला कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. आदल्या दिवशीचं उरलेलं डब्यात भरून देणं म्हणजे न्याहारी नव्हे. हे मी आधी स्वतःला सांगितलं आहे.

तिसरी मागणी, शाळेत मुलांना सकाळी खाणं आणि ते रांधणारीला किमान वेतन. यातलं एक मागून दुसरं सोडायचं नाही.

आणि चौथी, पाण्याची. आमच्या गटानं त्या बैठकीनंतर पहिलं काम हेच घेतलं. नळाची वेळ बदलून मागायला आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, “अहो, बायका तशाही पहाटे उठतातच की.” म्हणजे नळ पहाटे येतो म्हणून बाई उठते, आणि बाई उठते म्हणून नळ पहाटे सोडायचा! दोन निवेदनं झाली, एक हंडा मोर्चा झाला. त्यानंतर साडेचारचं पाणी साडेपाचला यायला लागलं.

एक तास मिळाला. पुढच्या बैठकीत मी उत्साहानं विचारलं, “मावशी, आता सकाळी काही खाऊन निघता ना?”

“नाही ताई,” मावशी म्हणाल्या. “तेवढा वेळ झोपते.”

पूर्वीची मी असते तर त्यांना नाश्त्याचं महत्त्व पुन्हा समजावलं असतं. त्या दिवशी गप्प बसले. आधी झोप, मग भूक. आणि एका तासात दोन्ही बसत नाहीत. दुसरा तास मिळवायचा आहे. तो नळाकडून मिळणार नाही, घरातल्या माणसांकडून मिळवावा लागेल.

तो जुना तक्ता मी काढून टाकलेला नाही. त्याच्याखाली नवा कागद जोडला आहे. त्यावर चित्रं नाहीत, चार रकाने आहेत. घरात सगळ्यांत आधी कोण उठतं आणि किती वाजता, न्याहारी कोण करतं, कोण बसून खातं, कोण उभ्यानं खातं किंवा खातच नाही. वस्तीतल्या चाळीस घरांचे रकाने भरून झाले आहेत, सोसायटीतल्या घरांचे भरायचे आहेत. मैत्रिणींनो, तुमच्या घरचे रकाने भरून पाठवा. आपल्या सगळ्या जणींचा मिळून एक तक्ता करू, आणि पुढच्या वेळी कुणी राजासारख्या नाश्त्याचा उपदेश करायला आलं की तो त्यांच्यासमोर धरू.